कानवाल्या सरांचा नकार

आमचे सर विद्यार्थ्यांकडे पाठ करून शिकवत. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला पंक्चरच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होती. अकरा कॉम्प्युटर, त्यांतले आठ चालू, आणि सर खिडकीकडे तोंड करून पेपर वाचत बसलेले. नव्या पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. मग पेपरमागून आवाज यायचा, "चार नंबर, चौदा खेपा बॅकस्पेस मारलास. एवढं खोडाचंच होतं त लिहिलास कायले?" चार नंबरचा पोरगा दचकून मागे बघेपर्यंत सरांनी पान उलटलेलं असायचं.

त्याआधी पंचवीस वर्षं सरांनी टाइपरायटर शिकवला होता. एका खोलीत वीस मशिनी खडखडत असताना नेमकी कुणाची करंगळी कामचुकारपणा करते, हे त्यांना ऐकू यायचं. मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले, कान तेच राहिले. माउसची टकटक ठरावीक लयीत सुरू झाली की ते नुसते खाकरत आणि म्हणत, "सहा नंबर, पत्ते बंद करा." गोंदियात त्यांना सगळे कानवाले सरच म्हणायचे. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे नाव अजिबात मान्य नव्हतं. "कानवाले कायचे? घरी तीन हाका मारा, एकही ऐकू येत नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

सरांना कॉम्प्युटर फारसा येत नसे, आणि हे ते स्वतःच सांगत. पन्नाशीजवळ आल्यावर पुस्तकं आणून शिकले होते आणि वर्गाच्या जेमतेम एक धडा पुढे असत. अडलेला प्रश्न विचारला की पेपर खाली ठेवून म्हणायचे, "मले येत नाही. उद्या पाहून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगत. पुढे पुण्यात मी मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांबरोबर मीटिंगांना बसले, पण 'मला येत नाही' हे वाक्य तिथे कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

खरं बोलण्याची ही खोड सरांना चांगलीच महागात पडे. एखादा बाप मुलाला घेऊन यायचा आणि मोठ्या आशेनं विचारायचा, "सर, कोर्स झाल्यावर नोकरी लागंल ना जी?" सर मुलाकडे नीट बघून म्हणत, "मले नाही वाटत." बाप-लेक जिना उतरून समोरच्या दुसऱ्या क्लासात जात. तिथे भिंतीवर विमानाचं चित्र होतं आणि शंभर टक्के नोकरीची हमी होती. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. सर म्हणायचे, "इचारलं त्याचं खरं उत्तर द्याव. नाही त इचारतीन कायले?"

एकदा तर एका माजी विद्यार्थ्याच्या सोयरिकीची चौकशी करायला मुलीचे वडील इन्स्टिट्यूटमध्ये आले. मुलगा कसा आहे, म्हणून त्यांनी विचारलं. सरांनी डोळे मिटून, आठवून सांगितलं, "पोरगा सज्जन आहे. पन इचार न करता सुरू करते, मंग खोडत बसते." सर बोलत होते टायपिंगबद्दल. मुलीच्या वडिलांनी ते संसाराबद्दल घेतलं आणि सोयरीक मोडली. पोराच्या आईनं वर्षभर सरांच्या नावानं बोटं मोडली, पण सरांना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा माणसाकडे मी दोन वर्षं नोकरी केली. मी बी. एस्सी. झाले होते आणि आमच्या घरी धानाची शेती होती. माझ्या वडिलांच्या, बाबूजींच्या मते जगात नोकऱ्या दोनच प्रकारच्या, सरकारी आणि न लागलेली. मी तलाठ्याच्या परीक्षेला बसावं, हा त्यांचा धोशा होता. मला मात्र सॉफ्टवेअरमध्येच जायचं होतं. सकाळच्या बॅचला शिकवायचं आणि दुपारी रिकाम्या कॉम्प्युटरवर कोडिंग शिकायचं, असा सरांशी माझा करार होता. कोडिंगमधलं सरांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी पाठमोरेच विचारायचे, "आज बोटं काऊन अडखळून राहिली?" आणि हमखास त्या दिवशी माझा प्रोग्राम चुकलेला असायचा.

शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. बाबूजींनी बजावलं, "धान कापून, चुरून होईपर्यंत वाट पाहीन. मंग मुकाट्यानं तलाठ्याचा फॉर्म भराचा." म्हणजे मळणी आटोपेपर्यंतची मुदत. गावात नेट टिकत नसे, म्हणून मुलाखत इन्स्टिट्यूटमधूनच द्यायचं ठरलं. सरांनी इतर सगळे कॉम्प्युटर बंद करवले, खालच्या पंक्चरवाल्याला हवा भरायचं मशीन तासभर थांबवायला लावलं, आणि स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसले. मुलाखत आटोपून बाहेर आले तर म्हणाले, "मधात चार मिनिटं एक बटन नाही दाबलीस. थो प्रश्न येत नव्हता ना?"

"नव्हता, सर."

"मंग, येत नाही म्हनून सांगितलीस का?"

"सांगितलं."

"बस. लागते नोकरी."

आणि ती लागली. पत्र आलं, रुजू व्हायची तारीख आली. आईनं तर पापडांचे डबे भरायला घेतले. तेवढ्यात कंपनीची मेल आली की तुमची नेमणूक थांबवण्यात येत आहे, कारण आधीच्या नोकरीच्या ठिकाणाहून प्रतिकूल शेरा मिळाला आहे. आधीची नोकरी म्हणजे सर! मी मेल चार वेळा वाचली. अंगणात बाबूजी धान चुरून झाल्याचं कुणाला तरी सांगत होते. मी स्कूटी काढली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून सरांसमोर उभी राहिले.

"सर, कंपनीतून फोन आला होता?"

"हाव. एक बाई होती. हिंदीत बोलली, पन चांगली बोलली."

"काय विचारलं तिनं?"

"पोरगी खरंच दोन वर्स होती का? म्हटलो, होती. वागनूक कशी? म्हटलो, एक नंबर. मंग म्हनते, 'क्या आप इनको दोबारा काम पर रखेंगे?' म्हटलो, 'नहीं.'"

मी मटकन खुर्चीत बसले.

"तिले पटलंच नाही," सर उत्साहानं पुढे सांगू लागले. "म्हनते, 'किसी भी हालत में नहीं?' म्हटलो, 'मैडम, किसी भी हालत में नहीं.'"

मग मात्र माझा तोल गेला. दोन वर्षांत सरांपुढे आवाज चढवला नव्हता, तो सगळा तेव्हा चढवला. "सर, तो प्रश्न प्रत्येकाबद्दल विचारतात! नाही म्हटलं म्हणजे माणूस चोर, नाहीतर कामचोर, असा अर्थ होतो. तुम्ही माझं वाटोळं केलंत!"

सर पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "तुले परत ठेवाचंच राहिलं असतं त धाडलो कायले असतो?" ते म्हणाले. "येथीच नसतो का ठेवून घेतलो?"

मी रडत होते आणि हसूही येत होतं. म्हटलं, सर, आत्ता फोन लावा आणि हो म्हणा. सरांनी फोन लावला, पण हो म्हणायला ते तयार होईनात. "हो म्हटलं त लबाडी होते. काऊन नाही, थे समजावतो तिले." वीस मिनिटं ते समजावत होते. "मैडम, लड़की अच्छी है, इसीलिए नहीं." पलीकडच्या बाईचं म्हणणं असं, की माझ्या फॉर्मवर दोनच चौकोन आहेत, हो आणि नाही. सर म्हणाले, तिसरा काढा. तिनं कंटाळून सांगितलं, जे काय असेल ते लेखी पाठवा.

त्या दिवशी मी सरांना पहिल्यांदा सलग टाइप करताना पाहिलं. नजर खिडकीबाहेर, पाठ ताठ, आणि एकदाही बॅकस्पेस नाही. परीक्षेच्या अर्जासारखं करकरीत इंग्रजी पत्र होतं. त्याचा मतलब असा, की सदर मुलीस मी पुन्हा कामावर ठेवणार नाही, कारण तिला इथे परत यावं लागेल, असं तिच्यात काही कमी नाही. आपणही तिला परत पाठवू नये, ही नम्र विनंती. दोन दिवसांनी नेमणूक पक्की झाल्याची मेल आली. पहिल्या आठवड्यात ऑफिसमधले तीन-चार अनोळखी लोक मला येऊन विचारून गेले, की ते पत्रवाले सर तुमचेच ना?

पुण्यात चार वर्षं बरी गेली. मग एका सकाळी कंपनीनं व्हिडिओ कॉलवर बोलावून आमच्या अख्ख्या टीमला गोड शब्दांत घरी पाठवलं. मी गावी आले आणि घरी सांगितलं की घरूनच काम आहे. बाबूजींपुढे खरं बोलायची हिंमत झाली नाही. नेटचं निमित्त करून मी रोज सरांकडे जाऊन बसू लागले. सर खूष झाले, चहा पाजला, काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी पेपरमागून म्हणाले, "तू काम नाही करून राहिली. एक शब्द, मंग टॅब. एक शब्द, मंग टॅब. फॉर्म भरून राहिली आहेस. नोकरी गेली का?"

इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिथेच फुटलं. सरांनी पोरांना चहा प्यायला खाली धाडलं आणि मला रडू दिलं. डोळे पुसल्यावर मी म्हटलं, "सर, खाली पाटी पाहिली. सकाळच्या बॅचला शिक्षिका पाहिजे म्हणून. मीच घेते ना बॅच. बाबूजींनाही सांगता येईल."

"नाही."

"दोनच महिने, सर."

"त्या बाईले लिहून देलो आहो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण करत नव्हते. त्यांनी खिडकीजवळचा सगळ्यांत चांगला कॉम्प्युटर मला दिला, दुपारचा डबा काकूंकडून येऊ लागला, पण शिकवायला एक दिवस दिलं नाही. एखादी मुलगी वही घेऊन माझ्याकडे सरकली की ओरडायचे, "त्या मॅडमले इचाराचं नाही. त्या येथच्या नाहीत!" मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. हाताशी काम असताना मला बेकार बसवून ठेवणारा हेकट म्हातारा, असं मी आईजवळ बोललेही. रागारागात अर्ज करत सुटले, मुलाखती देत सुटले, आणि दोन महिन्यांनी हैदराबादची नोकरी मिळाली.

गेल्या दिवाळीत सरांकडे फराळाला गेले. इन्स्टिट्यूट बंद झाली आहे आणि माळ्यावर आता शिलाईचा क्लास चालतो. सर आत वामकुक्षी घेत होते. काकू चकल्या पुढे करत सहज म्हणाल्या, की सकाळची बॅच तुटली तिथूनच सगळं बसत गेलं. शिकवायला कोणी मिळालं नाही, वीसएक पोरं समोरच्या क्लासात गेली. तेव्हा तू खिडकीशीच बसून होतीस. मी तुझ्या सरांना किती सांगितलं, पोरगी स्वतःहून म्हणते आहे तर घेऊ द्या बॅच.

"मग सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हनतीन? म्हने, पोरं कोठीही शिकतीन. हे पोरगी मात्र येथीच राहून गेली असती."