तात्यांचा नंबर पहिला

हा किस्सा सांगायचा म्हणजे माझं मलाच अवघड झालंय. तुम्ही आधी हातातला चहा संपवा, नाहीतर नाकातून येईल आणि त्याचाही दोष माझ्यावरच. सासुरवाडीत जावयाची फजिती होणं यात नवीन काय? पण मी ती त्रेचाळीस इंची टीव्हीवर, अकरा बागायतदारांपुढं करून घेतली.

मी बारामतीत घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. नेमकं काय करतो, हे माझ्या सासऱ्यांना लग्नाला चार वर्षं झाली तरी कळलेलं नाही. त्यांना बोल कशाला लावू, मलाही ते महिन्यातून एकदाच, पगाराच्या दिवशी कळतं.

सासरे म्हणजे तात्या. इंदापूर तालुक्यात त्यांचा नऊ एकर ऊस आहे. त्यांनी आणि शेजारच्या दहा शेतकऱ्यांनी मिळून ऊस तोडायचं यंत्र घेतलंय, आणि कुणाचा ऊस कधी तोडायचा याची वही पहिल्यापासून तात्यांकडं असते. नियम सोपा. ज्याची लागण, म्हणजे लावणी आधी, त्याचा नंबर आधी.

पण गेल्या साली त्या दहातल्याच शहाजीरावांची तोड लांबली, उसाला तुरा आला, वजन घटलं, आणि त्यांनी चहाच्या टपरीवर बसून जाहीर केलं की तात्या वहीत खाडाखोड करतात. तात्या तेव्हापासून टपरीवर जाईनात. दिवाळीला मी गेलो तेव्हा मला म्हणाले, “पाव्हणं, माझा ऊस म्हैनाभर मागं ऱ्हाऊ दे, त्याचं काय न्हाय. पर आजवर मला कुणी खोटा म्हणलं न्हवतं.”

ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं. अशा वेळी शहाणा जावई काय करतो? गप्प बसतो आणि आणखी एक करंजी घेतो. मी म्हणालो, “तात्या, यावर उपाय आहे. ब्लॉकचेन.”

“ते काय असतंय?”

“वहीच. पण त्यात एकदा लिहिलं की ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, सगळं कायमचं राहतं.”

“ब्रह्मदेवाचं ऱ्हाऊ द्या. शहाजीला खोडता येतंय का?”

“नाही.”

“मग आणा.”

आता यातली गोम तुम्हाला सांगतो, त्यांना सांगितली नव्हती. खऱ्या ब्लॉकचेनमध्ये त्या वहीची एकेक प्रत प्रत्येकाच्या घरी असते. अशा एकेका ठिकाणाला नोड म्हणतात. एकानं खाडाखोड केली की बाकीचे दहा त्याला पकडतात. मी उभा केला तो सरावाचा नोड. एकच, आणि तोही माझ्या लॅपटॉपवर. म्हणजे वही तात्यांच्या कपाटातून निघून तात्यांच्या जावयाच्या पिशवीत आली, एवढीच काय ती क्रांती. हा किरकोळ तपशील सांगून लोकांचा वेळ कशाला घ्या, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी बारामतीत बसून तो नोड उभा केला. उभा केला म्हणजे काय, पाच वेळा पडला. एकदा जागा कमी, एकदा आवृत्ती जुनी, एकदा नुसताच रुसून बसला. दुपारी कसाबसा चालू झाला, तेव्हा मी बायकोला अशी हाक मारली की शेजारचेही आले. चाचणीसाठी एखादं नाव टाकून बघायचं होतं. बायको म्हणाली, “तात्यांचं टाक की. चांगल्या कामाची सुरुवात आहे.” टाकलं. नंबर एक, तात्या. मग आम्ही जेवलो आणि मी ते साफ विसरलो.

सोमवारी तात्यांच्या ओसरीत बैठक. अकराच्या अकरा जण हजर. मी लॅपटॉप वायरीनं टीव्हीला जोडला आणि अर्धा तास भाषण ठोकलं. विश्वास, पारदर्शकता, आणि मध्ये मध्ये ब्रह्मदेव. मग गुरुजींनी तात्यांची वही हातात घेतली. गुरुजी म्हणजे रिटायर मास्तर, त्यांचाही दोन एकर ऊस आहे. ते एकेक नाव वाचत गेले आणि मी वर न बघता टाइप करत गेलो. तिसरे शहाजीराव, सातवे तात्या, असे अकरा जण झाले. मग मोठ्या ऐटीत मी सगळी यादी टीव्हीवर आणली.

शहाजीरावांनी बोटानं ओळी मोजल्या. “मानसं अकरा, आन् नावं बारा कशी?”

गुरुजींनी चष्मा लावला. “पहिलं नाव तात्यांचं हाय.”

“आन् आठवं?”

“ते बी तात्यांचंच.”

“पहिल्याच्या फुडं काय लिवलंय?”

“नोंद कालची. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. करणार, आपलं पाव्हणं.”

यंत्राला नावं ठेवायला जागाच नव्हती हो. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, सगळं चोख. तात्यांना खरं ठरवायला आणलेल्या वहीनं पहिल्याच दिवशी तात्यांविरुद्ध तारीखवार पुरावा दिला.

“बैठक आज, आन् तात्याचा नंबर कालच लागला व्हय,” शहाजीराव म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ते अगदी हळू म्हणाले. तात्या जमिनीकडं बघत होते.

“ती नुसती चाचणी होती,” मी म्हणालो.

“मग खोडा की.”

“खोडता येत नाही.”

“का?”

“तेच तर अर्धा तास सांगत होतो ना.”

पण मी काही कच्चा गडी नव्हतो. जुनी नोंद खोडता येत नसली तरी ती रद्द केल्याची नवी नोंद करता येते, असं मी समजावलं आणि ‘तात्या, रद्द’ असं टाकलं. आता यादीला रद्द कुठं कळतंय? तिला फक्त नावं कळतात. तेरावी ओळ उमटली. तात्या.

“तीनदा तोडायचा व्हय तात्याचा ऊस?” मागून कुणीतरी विचारलं.

“तिसऱ्या डावाला नुसता पाला-पाचट गोळा करतील,” दुसरा म्हणाला.

तात्या उठले आणि आत जायला निघाले. मला ते बघवेना. त्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती, नाव राहू दे, आणि तेच मी घालवत होतो. मग मला सुचलं. सरावाचा नोड आहे, एका आज्ञेत सगळा कोरा होतो. पुसायचा, अकरा नावं पुन्हा टाकायची, दोन मिनिटांचं काम. मी म्हणालो, “मशीन गरम झालंय, जरा दम खाऊ द्या,” आणि कुणाला दिसू नये म्हणून लॅपटॉप हळूच माझ्याकडं वळवला.

टीव्हीची वायर तशीच होती.

टीव्हीवर हाताच्या पंजाएवढी इंग्रजी अक्षरं आली. गुरुजींची जन्माची सवय, फळ्यावर काही दिसलं की मोठ्यानं वाचायचं आणि मराठीत अर्थ सांगायचा. “सर्व माहिती कायमची पुसून टाकायची आहे का? हो किंवा नाही.”

त्यांचं वाचून होईपर्यंत मी ‘हो’ दाबलं होतं.

टीव्ही कोरा झाला. मग कोपऱ्यातून प्रश्न आला, “ब्रह्मदेवालाबी येत न्हाय म्हणला हुता न्हवं?”

“ब्रह्मदेवाला न्हाय येत,” गुरुजी म्हणाले. “पाव्हण्यास्नी येतंय.”

पहिले हसले ते शहाजीराव. असे हसले की टोपी काढून डोळे पुसावे लागले. मग उठले, गुरुजींच्या हातातली वही घेतली, दारात थबकलेल्या तात्यांपाशी गेले आणि वही त्यांच्या हातात दिली.

“तात्या, माझं चुकलं. वरीसभर मी तुला लबाड म्हणत हुतो. ही वही तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.”

“आता कसं काय पटलं?” तात्यांनी विचारलं.

शहाजीरावांनी माझ्याकडं बोट केलं. “आरं, लबाडी करायची असती, तर तू आसला मानूस लावला असतास व्हय?”

ओसरीतल्या सगळ्या माना एकदम हलल्या. सगळ्यात आधी तात्यांची.