माझ्या नावाची पिवळी चिठ्ठी

बसलेला माणूस खोटं बोलतो आणि उभा माणूस खरं बोलतो, अशी अढळ श्रद्धा असलेला एकच माणूस अख्ख्या हैदराबाद-सिकंदराबादेत आहे आणि तो माझा धाकटा मेहुणा आहे. तारनाक्याला त्याच्या घरी दिवाळीचा फराळसुद्धा आम्ही उभ्याने करतो. फ्रिजच्या दारावर 'करायचं', 'चाललंय', 'झालं' असे तीन रकाने आणि त्यांत पिवळ्या चिठ्ठ्या. सासूबाईंच्या मोतीबिंदूची चिठ्ठी वर्षभर 'चाललंय'मध्ये होती, कारण ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं. "निदान अर्धी फाडून 'झालं'मध्ये लावा," म्हणून त्या रुसल्या, पण हा बधला नाही. मुलीच्या लग्नात त्याने अफझलगंजच्या आचाऱ्याला सांगितलं की आधी दहाच माणसांना वाढायचं, त्यांचं मत घ्यायचं, सुधारणा करायची, मग बाकीच्या पंगती. आचारी म्हणाला, "साब, पैले शादी होने दो, इम्तिहान बाद में लेना."

हे खूळ त्याने ऑफिसातून आणलं होतं. एका मोठ्या विमा कंपनीच्या संगणक विभागात मी त्याचा वरिष्ठ होतो. घरी तो मला भाऊजी म्हणे, ऑफिसात साहेब. त्याची कधी गल्लत झाली नाही, माझी व्हायची. कंपनीने त्याला कुठल्याशा शिबिराला धाडलं आणि तो 'अजाइल' घेऊन परतला. मोठं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत करायचं, करून दाखवायचं, चुकलं तर तिथेच सुधारायचं, एवढं मला कळलं. पण जिथे खुर्ची हलवायलाही पाच सह्या लागतात, तिथे दोन आठवड्यांत काय होणार, हे कळलं नाही. सगळ्यांच्या पदांना नवी नावं आली, त्यांत मी नेमका कोण, हेही कळलं नाही.

रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळे तसल्याच चिठ्ठ्यांच्या बोर्डासमोर उभे. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं, एवढंच बोलायचं. बोर्डावर जे नाही ते नाहीच, हा त्याचा नियम.

जुन्या पॉलिसींची माहिती नव्या प्रोग्रॅमला जोडायला माझी मंजुरी हवी होती. त्याचा कागद मी तीनदा वाचला. काही समजलं नाही. धाकट्या मेहुण्याला विचारायचं कसं? "बघतो" म्हणत मी तो तीन आठवडे ठेवून घेतला. बोर्डावर 'अडलेलं' या रकान्यात माझ्या नावाची चिठ्ठी लागली. चाचणी करणारा तरुण रोज म्हणे, "कल बोल्या सो वैच आज बी. साब की दस्तखत नै आई." मग सगळे छताकडे बघत.

मुख्य कचेरीतले मोठे साहेब पाहणीला यायचे होते, त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोहोचलो आणि ती चिठ्ठी काढून खिशात घातली.

"काम रखडलं कशामुळे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मेहुण्याने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बोर्डावर अडथळा दिसत नाही, सर. म्हणजे चूक माझीच."

मी खिशातली चिठ्ठी आणखी आत सारली. पुढच्या महिन्यात त्याची टीम मोडली, बोर्ड उतरला आणि त्याला जुन्या नोंदींच्या विभागात बसवलं. घरच्या समारंभांत मी म्हणायचो, "उभं राहून कुठे कामं होतात काय!" सगळे हसत, तोही हसे. अजाइल आमच्याकडे चाललं नाही, असं तिथले लोक अजून म्हणतात. ते खरं नाही. मी चालू दिलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे जाऊन मी चिठ्ठी काढल्याचं सांगून टाकलं. तो शेंगा सोलत होता.

"माहीत आहे, भाऊजी," तो म्हणाला. "पण त्या कागदात तुमचं अडलं कुठे होतं, ते काही मला आजवर कळलं नाही."

"अरे, मला तो समजलाच नव्हता."

त्याचा हात थांबला. "मग विचारायचं ना! रोज सकाळी आपण जमायचो ते कशासाठी?"

त्याने शेंगांचं ताट सरकवलं, पाठकोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून समजावू लागला. अर्ध्या तासात मी त्याला चारदा अडवून विचारलं, "म्हणजे काय?" इतकं सोपं होतं विचारणं.