वाढवलेल्या सर्व्हरात माणसं होती

सोलापुरात सर्व्हरचं काम माज्याइतकं कुणाला कळत न्हाय. म्हंजी कुटं हात लावला की बंद पडतंय, तेवढं काम.

मी सिद्राम, कुंभारीचा. शाळा सहावीपातूर, ती बी सहावीत मास्तरनंच हात जोडले म्हणून सुटली. हे मी लिवत न्हाय, फोनात बोलतोय आन फोन लिवतोय. तवा चुकलं-माकलं तर फोनला शिव्या घाला. मला ह्या कामात आदीच लई पडल्यात.

ह्या ग्रुपवर लोकं सांगत्यात, हिरीवर बाई दिसली, चिंचंखाली कोण तर हुबा होता... मी वाचून हसायचो. आमच्या घरात मेंढरं. निम्मं आयुष्य माळावर एकट्यानं काढलं मी. मला काय दिसायचं असतं तर तवाच दिसलं असतं की! पण त्याला बी वाटलं असंल, ह्याच्यापशी जाऊन काय मिळणार. इश्वास तवा नव्हता, आज बी न्हाय. आज मला नुसता राग हाय. कुणाचा, ते सगळं सांगून झाल्यावर बी ठरंल का न्हाय, म्हाईत न्हाय.

आमचं हापीस सात रस्त्याच्या अलीकडं, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाला. वेबसाइटा बनवायचं हापीस — शाळांच्या, दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या. सात माणसं. सहा शिकलेली आन एक मी. मी च्या आणतो, झाडतो, शटर उघडतो, शटर वडतो. आन सर्व्हरच्या खोलीवर ध्यान ठिवतो. खोली म्हंजी काय, पयलं तितं संडास होतं. भांडं काढलं, फरशी घातली, एसी लावला आन मशीन ठिवलं. उन्हाळ्यात आख्ख्या हापिसात थंड तेवढंच. म्हणून माझं झाडणं रोज तितंच लांबायचं.

आमच्यात सगळ्यात हुशार श्रीदेवी मॅडम. पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, वडलांचा माग. माज्यापेक्षा वयानं लहान, पण मला अण्णा म्हणत्यात आन त्याच तोंडानं झापत्यात. त्यांनीच मला थोडं शिकवलंतं. मला इंग्रजी वाचता येत न्हाय. पण आमी धनगराची माणसं, मेंढरू तोंडावरनं वळकतो. तुमाला शंभर मेंढरं एकसारखी दिसतील, आमाला न्हाय. तसा मी एरर बी तोंडावरनं वळकतो. एक आखूड येतो, तो आला की पासवर्ड चुकलाय. एक लांबलचक येतो, तो आला की डिस्क भरली, जुन्या नोंदीची फाईल काढून टाकायची. नुसतं पांढरं पान आलं तर कोड लिवणाऱ्यानं माती खाल्ली, आपण हात लावायचा न्हाय. आन एक हाय, त्याच्या पयल्याच शब्दात दोन गोल डोळं — टू मेनी कनेक्शन. म्हंजी एका टायमाला लई लोकं आत शिरल्यात, दारात चेंगराचेंगरी, नवीन माणूस आत जाईना.

त्या दिवशी तोच आला.

एका नर्सिंग कॉलेजचे फॉर्म आमच्या मशीनवरनं भरायचे होते. शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचला बंद. पाचच का? साडेपाच केलं असतं तर कुणाचं पोट दुखलं असतं का? पण न्हाय, पाच म्हंजी पाच. आन त्याच दिवशी मॅडम अक्कलकोटला, भाच्याच्या जावळाला. सायेब पुण्याला. बाकीचे एका दवाखान्यात नवीन मशीन बसवाय गेलेले. हापिसात मी. म्हंजी कुणीच न्हाय असं धरा.

सव्वाचारला माज्या भाचीचा फोन आला. रेणुका, मंद्रूपच्या माज्या भनीची पोरगी. बारावीला चांगले मार्क, नर्स व्हायचं म्हणून दोन वर्सं घरात भांडली. तिचा बाप, म्हंजी आमचे दाजी, त्याच दिवशी सकाळी कबूल झालते. ते बी कशा बोलीवर? ‘पाचपातूर फॉर्म गेला तर नर्स. न्हाय गेला तर इंडीच्या पावण्याला होकार.’ पोरीचं लगीन काय यष्टी हाय का बे, ही चुकली की ती?

‘मामा, फॉर्म जाईना की!’

‘जाईल. परत दाब.’

‘धा बारी दाबलं. इंग्लिशमदी येतंय. टू मेनी काय तर.’

मागनं दाजीचा आवाज. ‘जाईना न्हवं? देवाच्या मनात न्हाय. ठिव तो फोन.’

‘दाजीला म्हण गप बस,’ म्हणलो मी. ‘देवाच्या मनात हाय. मशीनच्या मनात न्हाय. मशीन माज्या हातात हाय.’

हे ऐकून पोरगीच घाबरली असंल.

मी मॅडमला फोन लावला. त्या यष्टीत होत्या, परत येत. मागं एक कंडक्टर कन्नडमदी कुणाशी तर भांडत होता.

‘मॅडम, दोन डोळ्याचा एरर आलाय.’

‘अय्यो. आज येणारच होता. अण्णा, नीट ऐक. सर्व्हरचं कनेक्शन वाढव.’

‘वाढवू?’

‘हो, वाढव.’

‘सगळंच?’

‘जेवढं होतंय तेवढं वाढव! विचारत बसू नको, माझी रेंज चालली—’

आन फोन कट.

आता तुमीच सांगा माझं काय चुकलं. आमच्यात दिवा इझीव म्हणत न्हाईत, दिवा वाढव म्हणत्यात. बांगडी फुटली म्हणत न्हाईत, वाढली म्हणत्यात. दुकान बंद करायचं म्हंजी दुकान वाढवायचं. आमचे सायेब रोज सांजच्याला काय म्हणत्यात? ‘सिद्राम, वाढीव आता.’ की मी शटर वडतो. तेरा वर्सं झाली. आन कनेक्शन मला ठावं ते एकच, लायटीचं.

मला लई राग आला. पाचाला अर्धा तास हाय, पोरगी दारात हुबी हाय, आन ह्यास्नी दुकान वाढवायचंय? गर्दी झाली की शटर वडायचं, हे शिकलेल्यांचं डोकं? चार शिव्या घातल्या भिंतीला. पण हुकूम तो हुकूम. एकदा हुकूम न ऐकता मी फाईल उडवलीती, तवा तीन दिवस हापिसात कुणी माज्या हातचा च्या पिला नव्हता.

मी संडासात गेलो — खोलीत गेलो — आन युपीएसातनं मशीनची वायर वडली.

पंखं घुर्र करून थांबले. हिरवे दिवे गेले. एसी चालू होता, पण मशीनचा आवाज गेल्यावर कळलं तो किती मोटा होता ते. वायर हातात. वर घड्याळात चार बत्तीस. मी रेणुकाला काय सांगावं ह्याचा इचार करत हुबा.

दोनच मिंटात मॅडमचा फोन.

‘शाबास अण्णा! झालं बघ. साइट पळायली. फॉर्म धडाधड जायलेत.’

मी वायरीकडं बघितलं. तीन पिना. तिन्ही माज्या बोटात.

‘मॅडम, मी वाढवलाय.’

‘हो रे, तेच म्हणते. कधी नव्हे ते नीट केलंस.’

‘न्हाय मॅडम... म्हंजी मी बंद केलाय. वायर काडलीय.’

‘काय?’

‘वाढवलाय! दिवा वाढवत्यात तसा!’

 आदी तेलुगूत काय तर म्हणल्या, ते शाबास नसणार. मंग मराठीत, ‘अण्णा, चेष्टा करू नको. माझ्या मोबाईलवर साइट चालू आहे. बंद मशीन कसं चालेल? वायर नीट बघ... आणि निघाली असेल तर आधी लाव, लाव!’

रेंज गेली. मी वाकलो, वायर युपीएसला लावाय गेलो. हात पोचलाच होता. आन मागनं आवाज आला.

‘थांब की. माणसं आत हायती.’

बारीक न्हाय, घोगरा न्हाय. पिच्चरात असतो तसला तर मुळीच न्हाय. दुकानात गिऱ्हाईक असताना कोण शटर वडाय लागला की आतला जुना माणूस कसा म्हणतो? जरा वैतागून? तस्सा. माज्या खांद्याच्या मागनं. आन माज्या खांद्याच्या मागं भिंत हाय. मदी दोन वीत जागा. तितं माणूस काय, झाडू आडवा बसत न्हाय. मी रोज ठिवतो, मला म्हाईत हाय.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण काट्याच्या आदी राग आला. मला सकाळधरनं सगळ्यांनी हुकूम दिलते. कॉलेजनं पाचचा दिला, दाजीनं दिला, मॅडमनं दिला, आन आता भिंत बी देतीय?

‘तू कोण बे?’ म्हणलो. ‘सोमोर ये की! काम करायचं तर नाव सांगून कर! माझी पोरगी लटकलीय तितं!’ आन म्होरं जे म्हणलो ते फोन लिवणार न्हाय.

कुणी आलं न्हाय. कुणी बोललं न्हाय. पण मंडळी, मी वायर लावली न्हाय. का न्हाय लावली, हे मला आजपातूर सांगता येत न्हाय. मेलेल्या मशीनसोमोर वायर धरून हुबा राह्यलो.

पावणेपाचला रेणुकाचा फोन.

‘मामा! गेला! फॉर्म गेला, नंबर आला!’ रडत होती. मागं दाजी गप होते. दाजी गप असलेले मी पयल्यांदा ऐकले.

‘नंबर लिवून घे,’ म्हणलो. 

पाच वाजले. मी भिंतीला इचारलं, ‘लावू का आता?’ उत्तर न्हाय. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. आडवायच्या टायमाला तोंड हाय, सांगायच्या टायमाला न्हाय! पाच वाजून पाच मिंटांनी मी वायर लावली. पंखं फिरले, हिरवे दिवे आले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळं उघडून बघितलं. मशीन सोताची डायरी ठिवतंय. त्या डायरीत चार बत्तीसनंतर एक अक्षर न्हाय. डायरेक पाच वाजून पाच. मधला टाइम मशीन मेलेलं. आन फॉर्मच्या यादीत? चार बत्तीस ते पाच, एकामागं एक नावं. रेणुका चार त्रेचाळीसला. पत्ता, मार्क, फोटो, सही, सगळं जागच्या जागी.

‘घड्याळ चुकलं असेल,’ मॅडम म्हणल्या. घड्याळ बघितलं, बरोबर होतं. ‘दुसऱ्या मशीनवर गेलं असेल.’ दुसरं मशीन आमच्याकडं न्हाईच. ‘मोबाईलमध्ये साठून राहिलं असेल, नंतर आलं असेल.’ मंग पाचच्या आत पोरीला नंबर कुणी दिला? शेवटी म्हणल्या, ‘अण्णा, तू वायर अर्धीच काढलीस.’

मी म्हणलो खोलीतला कॅमेरा बघा.

कॅमेऱ्यात मी. वायर हातात, सगळी, लोंबकळलेली. तोंड उघडं. अर्धा तास तसाच. मदी एकदा दचकून मागं वळतो आन भिंतीला हातवारे करून भांडतो. कॅमेऱ्याला आवाज न्हाय, हे माझं नशीब. बाकीची पाची शिकलेली माणसं ते बघून हसली. मॅडम हसल्या न्हाईत. त्यांनी ते तीनदा बघितलं आन लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवसापास्नं त्या मला ‘वाढव’ म्हणत न्हाईत, ‘जास्त कर’ म्हणत्यात. एवढाच काय तो फरक पडला.

काय होतं ते? मला म्हाईत न्हाय. मॅडमला म्हाईत न्हाय, आन त्यास्नी म्हाईत न्हाय म्हणल्यावर सोलापुरात कुणाला म्हाईत असंल असं वाटत न्हाय. मी त्या खोलीत रोज झाडतो. आवाज परत आला न्हाय. मी मुद्दाम एक-दोनदा शिव्या देऊन बघितल्या. काय न्हाय. राग अजून हाय. मदत केलीस ते केलीस, निदान माज्याशी नीट बोलायचं तरी!

रेणुकाचं नाव यादीत लागलं. ती हॉस्टेलला निघाली त्या दिवशी भनीनं मला मंद्रूपला जेवाय बोलवलं. शेंगाची पोळी, गरम भाकरी, आमटी. दाजी सोमोर बसलेले. मी काय संधी सोडतो होय? पयल्याच घासाला सुरू केलं. म्हणलो, ‘बगा दाजी, मशीन माज्या हातात होतं म्हणून पोरगी नर्स हुणार. दुसरा कोण असता तर आज इंडीच्या मांडवात असता तुमी.’

दाजी मान खाली घालून भाकरी मोडत राह्यले. मी आजून दोन वाक्यं वाढवली. म्हंजी जास्त केली.

रेणुका दारात पिशवीची चेन लावत होती. वायरीचं आन आवाजाचं मी तिला एकटीला फोनवर सांगितलंतं. तिनं वर बी बघितलं न्हाय.

‘मामा, तुमी बंद केलतं. चालवलं त्या दुसऱ्यानं. जेवाय त्याला बोलवायचं होतं, आलाव तुमी.’