मे महिन्यातलं जॅकेट

दिवाकरचा हात प्रेसखाली जाता जाता वाचला तो जपानी सेन्सरमुळे. जात होता तो जपानी जॅकेटमुळे. दोन्ही एकाच कंपनीने दिलेली, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा हे त्या दुपारी आमच्या प्लांटमध्ये कोणालाच सुचेना.

मी नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात, मालक जपानी आहेत. त्यांचं बोलणं मराठीत सांगायचं आणि आमचं जपानीत, हे माझं काम. प्रेस म्हणजे पत्रा खाली ठेवला की वरून साचा येतो आणि पार्ट दाबून काढतो. समोर लाइट कर्टन असतो, न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. त्यात हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं. दिवाकर ऑपरेटर. पारशिवनीकडचा, इथे खोली करून राहतो. त्या दिवशी त्याला भोवळ आली, तो पुढे झुकला आणि मशीन थांबलं.

त्याला कूलरसमोर बसवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. क्वालिटीचे हेड मोरी-सान धावत आले. मोरी-सान जपानी. तीन वर्षांसाठी नागपूरला आले होते. मुदत संपली तेव्हा त्यांच्या जागी यायला तिकडे कोणी तयार होईना, म्हणून ते राहिले आणि मग रमले. कॅन्टीनमध्ये बसून बसून त्यांना कामापुरती नागपुरी येत होती. त्यात सगळ्यात लाडका शब्द ‘काहून’, म्हणजे ‘का’.

“काहून पडले?” त्यांनी दिवाकरला विचारलं.

“मले चक्कर आली जी. गरमी किती होऊन राहिली.”

“मग जॅकेट काहून घातलं?”

दिवाकरने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. “सगळेच घालते जी.”

मोरी-सान उभे राहिले आणि मला जपानीत म्हणाले, “हे उत्तर ऐकायला मला एवढ्या लांब यायची गरज नव्हती.”

जॅकेटची गोष्ट सांगायला हवी. जपानमध्ये ‘कोरोमोगाए’ नावाची रीत आहे. कोरोमोगाए म्हणजे कपडे बदलण्याचा दिवस. एक जूनला शाळेतली मुलं, बँकेतले लोक, कारखान्यातले कामगार सगळे उन्हाळी कपडे घालतात आणि एक ऑक्टोबरला हिवाळी. हवा काय म्हणते याला महत्त्व नाही, कॅलेंडर काय म्हणतं याला आहे. हल्ली तिकडे बऱ्याच ठिकाणी हे सैल झालंय. आमची कंपनी जुन्या वळणाची. प्लांट उघडला तेव्हा नियमांचं पुस्तक तिकडून आलं आणि मीच ते मराठीत केलं. त्यानुसार नागपुरात एप्रिल-मे हे हिवाळ्याचे महिने ठरले. पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेट, गळ्यापर्यंत चेन. हाफ शर्ट मिळायचा एक जूनला. म्हणजे सगळा उन्हाळा जॅकेटात काढून पावसाच्या तोंडावर आमचे लोक हाफ शर्टात यायचे.

हे इतकी वर्षं चाललं, कारण जपानबद्दल नागपुरात दोनच मतं आहेत. जपानी माणूस चुकत नाही आणि आपला माणूस सुधारत नाही. जाड जॅकेटने म्हणे घाम येतो आणि घामाने अंग थंड राहतं, असं शास्त्रसुद्धा कोणीतरी शोधून काढलं होतं. शिवाय हेड ऑफिसचे साहेब प्लांट बघायला यायचे ते जानेवारीत. संत्री खायचे, हवेचं कौतुक करायचे आणि परत जायचे.

जपानी माणूस चुकत नाही हे न मानणारा आमच्याकडे एकच माणूस होता आणि तो जपानी होता. कॅन्टीनमध्ये मोरी-सान जपानला बोल लावायला लागले की पोरं ताटं घेऊन जवळ सरकायची. मी भाषांतर करायचे. ते सांगायचे, आमच्या जपानात गाड्या वेळेवर सुटतात आणि माणसं घरी वेळेवर जात नाहीत, कारण साहेब उठेपर्यंत उठायचं नाही. कामाला बाहेरची माणसं पाहिजेत, पण त्यांना खोली द्यायला कोणी तयार नाही, आणि निवडणूक आली की त्यांच्याचविरुद्ध भाषणं. माझ्या गावची शाळा पोरं नाहीत म्हणून बंद पडली. त्यावर उपाय शोधायला कमिटी नेमली, त्यात सगळे सत्तरीचे.

“म्हंजे आपल्यासारखंच हाय,” दिवाकर एकदा म्हणाला होता. मी ते भाषांतरित केलं. मोरी-सानना ते फारसं आवडलं नाही. स्वतःच्या घराला नावं ठेवणाऱ्यालाही दुसऱ्याने होकार दिलेला चालत नाही.

तर त्या दुपारी मोरी-सान मला घेऊन प्लांट हेड देशकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. देशकर साहेब जरीपटक्याचे, वरचा साहेब दिसला की उभे राहणारे, पण मनाने वाईट नाहीत.

“जॅकेट आजपासून बंद,” मोरी-सान म्हणाले.

“सर, वो जपान का रूल है.”

“मी जपानच आहे. मी सांगतोय.”

देशकर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, त्यायले समजवा. ते जपान नाही, ते क्वालिटी आहेत. युनिफॉर्म जनरल अफेअर्सकडे आहे. आन् वरतून कॅमेरा लागला आहे, शॉप फ्लोअर टोकियोत दिसते.”

म्हणून विषय हेड ऑफिससोबतच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये काढायचं ठरलं. तिथे मोरी-सान सरळ बोलले. म्हणाले, नागपुरात मे महिन्यात काय तापतं ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही. पुढच्या वेळी सेन्सर चुकला तर एका माणसाचा हात जाईल. हा नियम मूर्खपणाचा आहे. पडद्यावरच्या चेहऱ्यांपैकी एकही हलला नाही. तिकडचे डायरेक्टर म्हणाले, “मोलाचं मत दिल्याबद्दल आभारी आहोत.”

देशकर साहेब खूश झाले. “मोलाचं मत म्हणाले ना? मग झालं काम.”

मला सांगणं भाग पडलं की जपानीत मोलाचं मत हे कचऱ्यात टाकायच्या आधी दिलेलं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी मोरी-साननी प्रेस लाइनवरच्या सगळ्यांना जॅकेट उतरवायला लावलं आणि स्वतः बनियनवर हाफ शर्ट घालून बरोबर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. टोकियोतून फोन आला नाही. देशकर साहेब म्हणाले, “पाहा, काहीच नाही म्हनले.” मोरी-सान म्हणाले, “काही म्हणाले नाहीत, म्हणजेच म्हणाले.” आणि दोनच दिवसांत जगभरातल्या सगळ्या प्लांटना मेल आली, युनिफॉर्मचे नियम काटेकोर पाळावेत. कोणाचं नाव नाही, कोणत्या गावाचा उल्लेख नाही. देशकर साहेबांनी जॅकेटं परत चढवायला लावली. मे अजून बराच बाकी होता. त्याच आठवड्यात आणखी एकाला चक्कर आली, नशिबाने तो मशीनपासून लांब होता.

माझा संताप झाला. ते पुस्तक मराठीत करताना मला त्यात वावगं दिसलं नव्हतं आणि आता रोज सकाळी ही माणसं त्याच जॅकेटात माझ्यासमोरून जात होती. मी मोरी-सानना म्हटलं, “तुम्ही आधी नेमावाशी का केली नाही?”

नेमावाशी म्हणजे झाड दुसरीकडे लावायचं तर आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करतात, ती. ऑफिसात याचा अर्थ असा, की मीटिंगच्या आधी प्रत्येकाला एकेकटं गाठायचं, त्याची मान हलवून घ्यायची आणि मग मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकदम मान हलवायची.

“मी हेच सोडून इथे आलो,” मोरी-सान म्हणाले. “माझ्या देशात सगळं बोळात ठरतं आणि खोलीत नुसत्या माना हलतात. म्हणून काही बदलत नाही. तुमच्याकडे माणसं समोरासमोर भांडतात आणि मग चहा पितात. ते मला आवडतं.”

मी त्यांना सांगितलं नाही, पण आमच्याकडे भांडण समोरासमोर होतं ते बिनमहत्त्वाच्या गोष्टींवरून. लग्न ठरवायचं असलं की आम्हीही बोळातूनच जातो. माझ्या बहिणीच्या लग्नात मोठ्या जावयाला आधी विचारलं नाही म्हणून तो हळदीपर्यंत रुसून बसला होता. ती रीत मला कोणी शिकवायला नको होती.

मी देशकर साहेबांना गाठलं. ते आधी नको म्हणाले, पण दिवाकर समोरून जॅकेट घालून गेला तेव्हा त्यांनी स्वतःच फोन पुढे ओढला. मग आम्ही दोघांनी हेड ऑफिसचे मोठे जावई शोधले. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, सेफ्टीला चालत असेल तर माझी हरकत नाही. सेफ्टीचे म्हणाले, प्रॉडक्शनला चालत असेल तर माझी नाही. मी प्रत्येकाला दुसऱ्याचा होकार कळवला. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त क्रम माझा होता. दिवाकरचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. दुसऱ्या कोणत्या प्लांटने असं केलंय का, हे सगळ्यांनी विचारलं.

अडले ते जनरल अफेअर्सचे शिराकी-सान, ज्यांच्या खात्याचा तो नियम. ते फोनवर हळू आवाजात म्हणाले, “नियम बदलला, तर इतकी वर्षं तो चुकीचा होता असा अर्थ होईल.”

“होताच,” असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी फोन म्यूट केला आणि देशकर साहेबांना अडचण सांगितली.

“मग बदलू नका म्हना,” देशकर साहेब म्हणाले. “ट्रायल म्हना. ट्रायलले कोनी नाही म्हनत नाही. आमच्याकडे एक वन-वे ट्रायलवर आहे, माहा पोरगा शाळेत होता तवापासून. आता तो इंजिनियर झाला.”

मी शिराकी-सानना म्हटलं की नियम जसाच्या तसा राहील, नागपूरला फक्त एक एप्रिलपासून उन्हाळी युनिफॉर्मची ट्रायल घेऊ, आणि यंदा उशीर झालाय म्हणून लगेच सुरू करू. पलीकडे त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं. विचार करतो म्हणाले, आणि या वेळी खरंच केला.

पुढच्या मीटिंगला विषय निघाला आणि सगळ्या माना एकदम हलल्या. नमस्कार-चमत्कारालाच जास्त वेळ गेला. शेवटी डायरेक्टर मोरी-सानकडे वळून म्हणाले, “मोरी-सान, इतकी वर्षं फार कष्ट घेतलेत.”

मी भाषांतर केलं आणि देशकर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. हे वाक्य कौतुकाचं नसतं. ते निरोपाचं असतं. मी आणि देशकर साहेब इकडून माती मोकळी करत होतो, तेव्हा तिकडून कोणीतरी मोरी-सानच्या मुळांशी तेच करत होतं. मीटिंगमध्ये ‘मूर्खपणा’ हा शब्द वापरणारा माणूस हलल्याशिवाय ट्रायलला मान हलणार नव्हती.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“शिराकीने फोन केला होता. मी हो म्हणालो.”

“मला आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही मीटिंगमध्ये ‘काहून’ म्हणाल्या असत्या.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. एवढी वर्षं ज्या बोळाला त्यांनी नावं ठेवली, त्याच बोळातून त्यांना जावं लागलं, आणि तो बोळ खणायला मीही हात लावला होता. ते मात्र शांत होते. दुसऱ्या दिवशी दिवाकरच्या लाइनपाशी जाऊन उभे राहिले, त्याचा हाफ शर्ट बघितला आणि म्हणाले, “आता काम नीट करा.” पावसाळा संपता संपता ते जपानला परत गेले. निरोपाला पोरांनी तर्री-पोहे केले होते. त्यांनी दोनदा घेतले आणि डोळे पुसले. तर्री तिखट होती, असं ते म्हणाले.

ट्रायल अजून चालू आहे. दर वर्षी मी एक रिपोर्ट पाठवते, दर वर्षी तिकडून उत्तर येतं की आणखी अभ्यासाची गरज आहे. प्रेस लाइनवर त्यानंतर उन्हाने कोणी पडलं नाही. चुकीचा नियम मोडायला जाऊ नये, त्याच्या शेजारी एक ट्रायल बसवावी, एवढं मी या नोकरीत शिकले.

यंदा मेच्या शेवटच्या दिवशी मोरी-सानचा व्हिडिओ कॉल आला. लंच ब्रेक होता, मी फोन घेऊन शॉप फ्लोअरवर गेले. दिवाकर हाफ शर्टात, कूलरपुढे डबा खात बसला होता. पडद्यावर मोरी-सान कोणत्यातरी स्टेशनच्या बाकावर बसले होते. काळा कोट, गळ्यापर्यंत टाय, आणि कपाळावरून घाम ओघळत होता. तिकडेही यंदा मे फार तापला आहे, असं त्यांनी सांगितलं.

दिवाकरने फोनमध्ये डोकं घातलं. “सायेब, एवढ्या गरमीत कोट काहून घालून राहिले?”

मी जपानीत सांगायला तोंड उघडलं. मोरी-साननी हाताने मला थांबवलं आणि रुमालाने मान पुसली.

“उद्या एक जून,” ते म्हणाले. “सगळेच घालते जी.”