किडे कुणाचे, खत कुणाचं

सारीम ताडावर चढायचा तो नीरेसाठी. ताकेओ प्रांतातल्या त्याच्या गावात कालव्याच्या कडेने ताड उभे होते, त्यातले बरेचसे त्याच्या वाटणीचे. पहाटे चढून नीरेची नळकांडी उतरवायची आणि बायकोने ती आटवून गूळ करायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. चाळिशीनंतर गुडघे कुरकुरायला लागले. मग त्याने वटवाघळं पाळायची, दुसऱ्या गावात पाहिलेली युक्ती केली. ताडाची वाळलेली पानं जुड्या बांधून शेंड्याखाली उलटी टांगली आणि बुंध्याभोवती जाळी ताणली.

नीरा सोडून हे काय, दिवाळं निघणार, असं सगळे म्हणाले. पण पावसाळा सरता सरता वटवाघळं आली. अंगठ्याएवढ्या अंगाची, पिवळसर पोटाची, पानांत घट्ट चिकटून राहणारी. दिवस मावळला की धुरासारखी बाहेर पडायची आणि कालव्यापलीकडच्या भातावर तुटून पडायची. ते भात थिआरीचं, सारीमच्या थोरल्या बहिणीचं.

आई गेली तेव्हा सारीम रांगत होता. थिआरीनेच त्याला पेज भरवली, ती स्वतः तेव्हा फ्रॉकातली पोर. पुढे नवरा सोडून गेला तरी तिने शेती सोडली नाही. तिच्या भातावरचे तुडतुडे आणि खोडकिडीचे पतंग वटवाघळांनी खायचे, सकाळी जाळीत काळ्या लेंड्यांचा थर पडायचा, सारीम पोती भरून तो बहिणीच्या बांधावर नेऊन टाकायचा. भात असं यायचं की बांधावरून पलीकडचा माणूस दिसत नसे.

"माझ्या भाताला भावाचा मसाला आहे," थिआरी बायकांना सांगायची. "नाकाला पदर लावा नि या बघायला."

मग कांपोतहून एक व्यापारी आला. तिकडच्या मिरीच्या मळ्यांना हेच खत हवं होतं. पहिल्या वर्षी सारीमने अर्धी पोती त्याला दिली, अर्धी बहिणीला. दुसऱ्या वर्षी बहिणीच्या वाट्याला तळातला भुगा आला. तिसऱ्या वर्षी काहीच नाही.

थिआरी कालवा ओलांडून आली. सारीमची बायको साविन चुलीपाशी होती. सारीम पोत्यांची तोंडं शिवत होता.

"काय रे, यंदा माझं पोतं?"

"यंदा सगळं ठरलंय, बोंग." थोरल्या बहिणीला तो बोंगच म्हणायचा. "घराचं छप्पर करायचंय."

"करावंच. पण किडे माझ्या शेतातले, आणि खत कांपोतच्या मिरीला? माझ्या शेतातलं उचलून तू परमुलखात विकतोस, सारीम."

साविन काही बोलणार होती. सारीमने हातानेच तिला थांबवलं आणि मान वर न करता म्हणाला, "किडे काय तू पाळले होतेस, बोंग?"

थिआरी चपला हातात घेऊन पाण्यातून परत गेली.

तिने बाजारातून युरिया आणला. भात हिरवंगार झालं, पण पात मऊ पडली. मऊ पात तुडतुड्यांना आवडते. तिने फवारा मारला. तुडतुडे पुन्हा आले, तिने पुन्हा मारला, आणखी कडक औषधाचा. बांधावरचे कोळी मेले, बेडूक मेले. त्या हंगामात संध्याकाळी तिच्या शेतावरून येणारा वास साविनला ओकारी आणायचा.

एका सकाळी सारीम जाळी झाडायला गेला. लेंड्यांत एक वटवाघूळ पडलं होतं. दुसऱ्या जाळीत तीन. आठवडाभरात टोपली भरली. काहींच्या पोटाला पिल्लं चिकटलेली होती, ती अजून तोंड हलवत होती.

टोपली घेऊन तो बहिणीच्या दारात गेला आणि पायरीवर उपडी केली.

"बघ, काय केलंस ते."

थिआरी ताटात तांदूळ निवडत होती. तिने खडा काढला, बाजूला टाकला.

"माझ्या शेतातले किडे मी मारले," ती म्हणाली. "ते काय तू पाळले होतेस?"

उरलेली वटवाघळं एका संध्याकाळी उडाली ती परतली नाहीत. सारीमने जुड्या बदलल्या, नव्या वाळल्या पानांच्या बांधल्या, उगाचच. व्यापाऱ्याने दुसरं गाव धरलं.

पुढच्या हंगामात थिआरीचं शेत तुडतुड्यांनी मधोमध पिवळं पडलं, आगीची ठिणगी पडावी तसं, आणि ती पिवळट चकती रोज वाढत बांधापर्यंत गेली. कापायला काही उरलं नाही. तेव्हाच वीटभट्टीची माणसं माती बघत फिरत होती. तिने वरची माती विकली. ट्रक आले, यंत्राने शेत गुडघाभर खाली नेलं. भट्टीला जळणही लागत होतं. ताड नुसते उभे होते, चढवत नव्हतं. सारीमने तेही दिले.

करवत चालू होती तेव्हा त्याला छपराखाली मागे राहिलेलं एक पोतं सापडलं, जुन्या खताचं. काय वाटलं कोण जाणे, ते त्याने पाठीवर घेतलं आणि कालव्यातून पलीकडे गेला. थिआरी खड्ड्याच्या काठावर बसली होती. खड्ड्यात पाणी साचलं होतं.

"बोंग, हे तुझ्यासाठी."

तिने पोत्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हसली, पण ते हसू पाहून तो मागे सरला.

"आणि टाकू कशावर? पाण्यावर? ने परत. छपरावर घाल."

तो पोतं तिथेच सोडून आला. पावसाने ते भिजलं, फुटलं, खड्ड्यात वाहून गेलं.

पितरांच्या पंधरवड्यात दोघंही पॅगोडात येतात. भाताचे गोळे अंधारात टाकायचे असतात, आईच्या नावाने. थिआरी पूर्वेच्या भिंतीशी टाकते, सारीम पश्चिमेच्या. तांदूळ दोघांचाही बाजारातला, कुठल्या तरी लांबच्या शेतातला. परतताना फाटकात गर्दी होते, खांद्याला खांदा लागतो. साविन थिआरीला नमस्कार करते. सारीम चपला शोधत वाकतो, आणि बहीण दूर जाईपर्यंत शोधतच राहतो.