काळ्या तिजोरीवरचा पांढरा ठसा

ती घटना आठवली की आजही त्या इंजिनिअर पोरीला कडक सलाम ठोकावासा वाटतो.

नारायण पेठेत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी चोरी झाली. काळी लोखंडी तिजोरी उचकटून दागिने नेले होते. पंचनामा चालू असतानाच ठाण्यात निनावी फोन आला, "कामवालीला विचारा." बाई मूळची वर्ध्याकडची, विश्रांतवाडीहून बसने कामाला यायची. महिला शिपायासमोर तिची चौकशी केली. उलटसुलट विचारलं, पण जबाब तसूभर हलला नाही. "मी नाई घेतलं जी." एवढंच.

तिजोरीवर बोटाचा एक स्पष्ट ठसा मिळाला होता. तो तिचा नव्हता. मालकांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "अहो, मग तिनं कुणाला तरी घरात घेतलं असेल. हेही आम्हीच सांगायचं का?" पेठेत बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो? बाकीच्या घरांनीही तिला दारातूनच परत पाठवलं. खरा चोर सापडेपर्यंत बाईच्या पोटावर पाय पडला होता.

ठसे जुळवणारा संगणक आमच्याकडे तेव्हा नवाच बसला होता. भिंगाखाली जुन्या गुन्हेगारांचा एकेक ठसा बघण्यात महिने जायचे, ते काम तो झटपट करणार होता. आम्ही ठशाचा फोटो घातला. उत्तर आलं, जुळणारा ठसा नाही.

"घ्या! पांढरा हत्ती पोसलाय," मी म्हणालो.

मशीन शिकवायला आलेल्या कंपनीच्या इंजिनिअर मुलीला हे झोंबलं असावं. ती स्क्रीनला चिकटूनच बसली. "सर, मशीन अख्खा ठसा बघत नाही. रेषा कुठे संपते, कुठे फुटते, तेवढ्या खुणा टिपतं. इथल्या बोळांसारखं. काही पुढे बंद, काहींना फाटा." मग एकदम म्हणाली, "तिजोरी काळी होती ना? पावडर कुठली वापरलीत?"

"पांढरी. काळ्यावर काळी कशी दिसणार?"

"मग बरोबर आहे! मशीन काळ्या रेषा शोधतं. तुमच्या फोटोत रेषा पांढऱ्या आहेत. त्याने मधल्या फटींनाच रेषा समजून खुणा काढल्या!"

आमच्या ठसेतज्ज्ञांनी कपाळाला हात लावला. पांढरा ठसा वाचायची त्यांच्या डोळ्यांना इतकी सवय, की यंत्राला ती नसेल हे सुचलंच नाही. तिने फोटोतल्या काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं. मागवलेला चहा यायच्या आत एका सराईत घरफोड्याचं नाव समोर! शाब्बास गं पोरी! तज्ज्ञांनी भिंगाखाली खात्री केली आणि आम्ही त्याला उचलला. त्याने दागिने काढून दिले. म्हणाला, "आजोबा मंडईत गेले, मागचं दार उघडंच होतं. बाईला रोज येताना बघायचो. संशय तिच्यावर जावा म्हणून फोन मीच केला."

बाईला ठाण्यात बोलावून सगळं सांगितलं. मालकही आले होते. खाली मान घालून म्हणाले, "उद्यापासून ये कामाला."

"नाई जी, आजोबा," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या घरात राबली. तुमी नाई ओळखलं मला. त्या मशीनच्या डब्यानं ओळखलं."

बाकीच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं, तिची कामं तिला परत मिळाली. पुढे नोकरीत असेपर्यंत कुणावर संशय घेताना मी आधी स्वतःला विचारायचो, बाबा रे, तू रेषा बघतोयस की फट?