आईच्या हातचं नाचणीसत्त्व

खोटं बोलायला मला कधी कष्ट पडले नाहीत; किराणा दुकानदार आहे शेवटी. पण हे एक खोटं अजून घशाखाली उतरत नाही.

कर्जतजवळ रस्त्याला लागून आमचं छोटं दुकान. आसपास फार्महाऊसं उभी राहिली, तशी शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं विचारू लागली, नाश्त्याला हाताने केलेलं, गावठी काही आहे का? आमच्याकडे बिस्किटं नि टोस्ट. मग मला ती आठवली. शाळेत माझ्याच वर्गातली, मागच्या बौद्धवाडीत राहणारी. नाचणी भिजवून फडक्यात बांधायची, मोड आणायची, सावलीत सुकवून दळायची आणि कपड्याने गाळायची. तिचं सत्त्व दुधात शिजवलं की माणूस वाटी चाटून पुसून ठेवतो.

भावात तिने घासाघीस केली नाही. एकच अट घातली: पाकिटावर माझं नाव घाल, आडनावासकट. मी म्हटलं, घालतो की! आडनाव वाचल्यावर गावातली काही घरं पाकिटाला हात लावणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, म्हणून तर तिला ते हवं होतं.

मी छापून आणलं 'आईच्या हातचं', वर माझ्या आईचा फोटो. तिला सांगितलं, पुढच्या छपाईला नक्की. आईला सांगितलं, रसायनीच्या बचत गटाचा माल आहे. काय बेशरम माणूस मी! माल धडाधड खपला. आईचे दात गेलेले, तीही रोज सकाळी तेच खायची. पुढची छपाई झाली, तिच्या पुढचीही झाली. नाव काही आलं नाही.

एका रविवारी ती पाकिटं भरलेली पिशवी घेऊन दुकानात उभी होती. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, हे नक्की करतं कोण रं? मी तिच्यादेखत सांगून मोकळा झालो, की आमच्या घरीच होतं, आई करते.

काकू जाईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "तुला माझी लाज वाटते, एवढं कबूल कर."

"तसं नाय गं. आईला चालणार नाय."

म्हाताऱ्या आईला पुढे केलं मी! ती पिशवी उचलून गेली. नंतर दुकानाची पायरी चढली नाही.

घरात सत्त्व संपलं. आई रोज सकाळी विचारायची, मी रोज टाळायचो. शेवटी एकदा म्हटलं, बचत गट बंद पडला. आईने माझ्याकडे नीट बघितलं.

"कसला बचत गट रं? मला पयल्याच घासाला कळलं व्हतं. तिच्या आईची चव हाय ती. तू तान्हा व्हतास, मला दूध नव्हतं. ती माऊली मागल्या दारानं रोज वाटी आणून द्यायची. त्याच्यावर वाढलास तू."

मग तू कधी बोलली कशी नाहीस, मी विचारलं.

आई खाली मान घालून म्हणाली, "काय बोलू? मी पन तवा गावाला सांगायची, माहेरनं आलंय म्हणून."